टहरौलीच्या उजाड टेकडीत काय शिल्लक असते

झाशी शहराच्या पूर्वेला, बेतवा आणि धसान या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात टहरौली तालुका आहे. मराठी वाचकाला झाशी परिचयाची आहे ती राणी लक्ष्मीबाईंमुळे आणि वरसईच्या विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’मुळे. पण किल्ला आणि शहर मागे टाकले की लागतो तो बुंदेलखंडाचा खडकाळ गाभा. ग्रॅनाइटचे उघडे धोंडे, त्यांच्या फटींतून लाल मुरमाड माती, आणि त्या मातीवर कमरेएवढी पळसाची झुडपे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा या टेकड्यांवर गवताची काडी सापडत नाही. अशी जमीन कागदोपत्री पडीक ठरते आणि मग तिच्यासाठी रोपे, खड्डे व टँकर यांची अंदाजपत्रके तयार होतात.

जूनअखेर दोन-तीन दमदार पाऊस झाले, की आठवड्याभरात याच टेकडीवर हिरवी लव चढते. ती कोणी पेरलेली नसते. मातीत ती आधीपासून असते, आणि किती असते याचा हिशेब ऐकला तर चकित व्हायला होते. चार्ल्स डार्विनने एका छोट्या तळ्याच्या काठचा फक्त तीन चमचे चिखल घरात झाकून ठेवला आणि सहा महिने त्यातून उगवणारे प्रत्येक रोप मोजून उपटले. संख्या भरली 537. न्याहारीच्या एका कपात मावेल एवढा तो चिखल! शेतजमिनीत तर चौरस मीटरला हजारो जिवंत बिया असणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे. मातीत साठून राहिलेल्या या जिवंत बियांना शास्त्रज्ञ मातीतली बीजपेढी म्हणतात. दरवर्षी तिच्यात नव्या बियांची भर पडते. काही बिया उगवून, काही किडून, काही मुंग्या-उंदरांच्या पोटात जाऊन कमी होतात. उरलेली शिल्लक पुढच्या वर्षाकडे जाते.

ही शिल्लक मोजायची पद्धत अगदी साधी आहे, शाळेतल्या मुलांनाही जमेल अशी. उन्हाळ्यात, नवे बी रुजण्याआधी, टेकडीवर लहान चौकट ठेवून तिच्या आतली वरची पाच सेंटीमीटर माती खरवडून घ्यायची. खडे आणि मुळांचे तुकडे वेचून काढायचे. पसरट ट्रेमध्ये भाजून निर्जंतुक केलेल्या वाळूचा थर देऊन त्यावर ही माती अगदी पातळ पसरायची आणि ती रोज भिजवायची. शेजारी नुसत्या वाळूचा एक ट्रे ठेवायचा, म्हणजे वाऱ्याने उडून आलेले बी किती ते वेगळे कळते. चौथ्या-पाचव्या दिवशी पहिले गवत सुईसारखे वर येते. मग द्विदल रोपांच्या जोड्या उघडू लागतात. ओळखू आलेले रोप मोजून उपटायचे, न ओळखलेल्याशेजारी काडी रोवून ते फुलावर येईपर्यंत वाढवायचे. उगवण थांबली की माती सुकू द्यायची, हाताने हलवायची आणि पुन्हा भिजवायची. पहिल्या खेपेला गप्प राहिलेल्या कितीतरी बिया या दुसऱ्या खेपेला उठतात. तरीही जे उठत नाही त्याची परीक्षा टेट्राझोलियम नावाच्या क्षाराने होते. बी चिरून त्याच्या द्रावणात ठेवले की जिवंत गर्भ लाल होतो, मेलेला पांढराच राहतो.

बी पाणी मिळूनही का थांबते, हा या विषयातला सर्वांत विलक्षण भाग आहे. बुंदेलखंडात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, पण डिसेंबर-जानेवारीत कधीतरी हिवाळी सरी येतात. त्या सरींना भुलून जे बी उगवेल ते मार्चच्या उन्हात मरेल. इथल्या माळांवर भरपूर असलेल्या कुसळी गवताचे दाणे पावसाळा सरताना पिकतात, पण पिकल्यावर कित्येक महिने ते उगवतच नाहीत. कोरड्या, तापलेल्या जमिनीवर उन्हाळा काढल्यानंतरच त्यांची आतली बंदी सुटते, तोवर मृग येऊन ठेपलेला असतो.

या कुसळीचा दाणा हातात घेऊन पाहण्यासारखा आहे. खालचे टोक सुईसारखे अणकुचीदार, त्यावर मागे वळलेले राठ केस. वरच्या बाजूला बोटाएवढी लांब तपकिरी शेपटी, खालच्या अर्ध्यात दोरीसारखी पिळलेली आणि मध्ये गुडघ्यात वाकलेली. तिच्यावर पाण्याचा थेंब सोडला की पीळ उलगडतो आणि शेपटी घड्याळाच्या काट्यासारखी सावकाश फिरू लागते. वाळली की उलटी फिरते. वाकलेला भाग शेजारच्या काडीला किंवा खड्याला अडला की फिरते ते टोक, आणि मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. रात्रीचे दव आणि दिवसाचे ऊन एवढ्यावर हा दाणा स्वतःला जमिनीत पेरून घेतो. डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने अशा शेपटीवाल्या दाण्यांची ही यंत्रणा 1876 मध्ये उलगडून दाखवली. मेंढपाळ मात्र ती फार आधीपासून जाणतात, कारण हीच कुसळे लोकरीतून मेंढ्यांच्या कातडीत शिरतात.

टाकळ्याची तऱ्हा निराळी. टाकळा, बहावा, बाभूळ, शिरीष या शेंगावर्गातल्या झाडांच्या बियांचे साल पाणीच आत घेत नाही. भांडेभर पाण्यात महिनाभर ठेवले तरी त्यातले बरेच दाणे खडखडीत राहतात. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री निवणाऱ्या मातीत साल ठराविक जागी तडकते, किंवा शेळीच्या पोटातून जाताना झिजते, तेव्हाच पाणी आत पोहोचते. आणि सगळ्यांचे साल एका वर्षी तडकत नाही. यंदा थोडे, पुढच्या वर्षी थोडे. एक पावसाळा पूर्ण कोरडा गेला तरी वंश बुडत नाही. शिरीषाच्या एका चिनी भावंडाच्या बिया 1793 मध्ये गोळा करून लंडनच्या संग्रहालयात ठेवल्या होत्या. 1940 मध्ये बॉम्बहल्ल्याची आग विझवताना त्या भिजल्या आणि जवळजवळ दीडशे वर्षांनी त्यांतल्या काही उगवल्या.

तिसऱ्या प्रकारच्या बिया उजेडाची वाट पाहतात. उजेड मातीत फार तर काही मिलीमीटर शिरतो. मोहरीएवढ्या किंवा त्याहून बारीक बीजाला खोलवर उगवून चालत नाही, कारण वर येण्याआधीच शिदोरी संपते. म्हणून अशा बियांत फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य उजेड ओळखण्याचे काम करते. अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथे 1952 मध्ये सॅलडच्या पानांच्या बियांवर झालेल्या प्रयोगांत दिसले, की तांबडा प्रकाश बीज जागे करतो आणि त्याच्या पलीकडचा अतितांबडा प्रकाश त्याला पुन्हा झोपवतो. शेवटचा झोत ज्या प्रकाशाचा, त्याप्रमाणे निर्णय. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि अतितांबडा खाली सोडते. म्हणजे झाडाखाली पडलेल्या बीला वर कोणाची तरी सावली आहे हे कळते आणि ते थांबते. झाड पडले, जमीन उघडी झाली, की हजारो बिया एकदम उठतात. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी उकरलेल्या फ्लँडर्सच्या रणभूमीवर तांबड्या खसखशीचे जे ताटवे फुलले, ते याच कारणाने.

किती वर्षे थांबू शकते बी? विल्यम जेम्स बील या अमेरिकी वनस्पतीशास्त्रज्ञाने 1879 मध्ये मिशिगनमध्ये वीस बाटल्यांत वाळूत मिसळलेल्या बिया भरून त्या पुरल्या. एकेका बाटलीत 21 जातींच्या प्रत्येकी 50 बिया होत्या. सुरुवातीला दर पाच वर्षांनी, मग दहा, आता दर वीस वर्षांनी एक बाटली निघते. 2021 मध्ये निघालेल्या बाटलीतून, 142 वर्षांनी, एका रानफुलाच्या काही बिया उगवल्याच. दिवसाचा उजेड लागून प्रयोग बिघडू नये म्हणून ती बाटली रात्री उकरली होती. पुढची 2040 मध्ये आणि शेवटची 2100 मध्ये. हा प्रयोग सुरू करणाऱ्याला त्याचा शेवट दिसणार नव्हता, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होते. मला तरी विज्ञानातली ही सर्वांत सुंदर कृती वाटते.

आता टहरौलीच्या टेकडीकडे परत वळू, कारण इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. वर सांगितलेल्या ट्रेमध्ये टेकडीची माती भिजवली तर गवत उगवेल, टाकळा उगवेल, रानतुळस, केना, आघाडा उगवेल. वृक्ष मात्र फारच थोडे उगवतील. जगभरच्या कोरड्या उष्ण जंगलांत हाच अनुभव येतो. मातीतली पेढी गवताची आणि झुडपांची असते, वृक्षांचे खाते तिच्यात जवळजवळ रिकामे असते.

याचे कारण या झाडांच्या दिनक्रमात आहे. मोह, कडुनिंब, पळस, टेंभुर्णी, चारोळी या सर्वांची फळे ऐन उन्हाळ्यात किंवा पावसाच्या तोंडावर पिकतात. बी पडते आणि लगेच पाऊस येतो. वाट पाहायची गरजच नाही, म्हणून ती क्षमताही नाही. मोहाचे तेलाने भरलेले बी काही आठवड्यांत उगवणशक्ती गमावू लागते, कडुनिंबाचे तसेच. पळसाची चपटी शेंग, टोकाला एकच बी घेऊन, वाऱ्यावर गिरक्या घेत जाते आणि पहिल्याच पावसात रुजते किंवा सडते. बुंदेलखंडाचे खास झाड म्हणजे करधई. आपल्या धावड्याचा हा भाऊबंद अरवलीपासून ग्वाल्हेर-झाशीपर्यंतच्या खडकाळ टेकड्यांवर आढळतो, आणि त्याचे दुखणे आणखी वेगळे आहे. फळांचे गोंडे तो भरपूर धरतो, पण त्यांतल्या बहुतेक बिया पोकळ निघतात. गर्भच नसतो. पोतेभर बी पेरले तरी हाती मोजकी रोपे येतात.

मग या टेकड्यांवर झाडे टिकली कशी? मुळांच्या बळावर.

कमरेएवढे खुरटे पळसाचे झुडूप पाहून ते दोन-तीन वर्षांचे असेल असे वाटते. शेजारची माती कुदळीने उकरली तर जमिनीच्या पातळीवर मांडीएवढा गाठाळ खुंट लागतो, त्यावर एकावर एक जुन्या तोडीचे व्रण. खाली मुळे हाताएवढी जाड, खडकाच्या फटींत घुसलेली. टेंभुर्णीचे तर याहून पुढचे. तिची आडवी मुळे दूरवर पसरतात आणि वाटेत जागोजागी नवे कोंब वर पाठवतात. कोवळी पाने तांबूस, मखमली. तेंदूपानांच्या हंगामाआधी ही झुडपे जमिनीलगत छाटतात ती याच भरवशावर, की छाटल्यावर मोठी, एकसारखी पाने येतील. शेतात राहिलेली टेंभुर्णी नांगराला वर्षानुवर्षे पुरून उरते. आर. एस. ट्रूप यांनी 1921 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन खंडांच्या ग्रंथात भारतीय वृक्षांच्या नैसर्गिक पुनरुत्पादनाची जातवार नोंद केली. मध्य भारतातल्या कोरड्या रानाचे बी आणि मूळ असे दोन्ही आधार तिथे सविस्तर सापडतात.

थोडक्यात, उजाड दिसणाऱ्या टेकडीखाली छाटलेले जंगल जिवंत असते. दरवर्षी कोंब येतात आणि दरवर्षी ते खाल्ले किंवा तोडले जातात. बुंदेलखंडात हे आणखी तीव्र आहे ते अन्ना प्रथेमुळे. रब्बीचे पीक निघाले की गुरे मोकळी सोडून देण्याची ही जुनी रीत. पूर्वी ती उन्हाळ्यापुरती होती. चारा घटला, बैलाचे काम ट्रॅक्टरने घेतले, तशी भाकड गुरे बारा महिने मोकाट फिरू लागली. यात गुरे पोसू न शकणाऱ्या कुटुंबाला दोष देऊन काही साधणार नाही, त्याची अडचण खरी आहे. पण टेकडीचा प्रत्येक नवा कोंब जनावराच्या तोंडाच्या उंचीवरच असतो, हेही तितकेच खरे. पळस जो एवढा दिसतो, त्याचे एक कारण हेच, की गुरे-शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. बाकीचे रान चरले जाते आणि पळस उरतो.

तोंड आणि कुऱ्हाड थांबली तर काय होते, याची मराठी मुलखातली साक्ष जवळच आहे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने 1990 च्या दशकात चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाभोवतीचे उजाड झालेले जंगल राखायला घेतले. चराई आणि तोडीवर गावानेच नियम घातले, मोडणाऱ्याला दंड ठेवला. आज तिथे सुमारे 445 हेक्टर जंगल उभे आहे, आणि 2025 मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनेही चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीतूनच सुरुवात केली. जगात याचे सर्वांत मोठे उदाहरण आफ्रिकेतल्या नायजरचे. टोनी रिनॉडो हा ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ तिथल्या मरादी भागात रोपे लावून थकला होता, कारण बहुतेक मरत होती. 1983 च्या सुमारास त्याच्या लक्षात आले की वाळूत दिसणारी झुडपे म्हणजे तोडलेल्या झाडांचे जिवंत खुंट आहेत. शेतकऱ्यांनी त्यांतले दोन-चार जोमदार कोंब राखून बाकीचे छाटायला सुरुवात केली, आणि पुढच्या दोन-अडीच दशकांत सुमारे 50 लाख हेक्टरवर झाडे परत आली. रोप विकत घेतले नाही, पाणी घातले नाही.

झाशीला ही गोष्ट सांगण्याचा खास अधिकार आहे. 1962 पासून भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्था इथे आहे, आणि 1988 मध्ये सुरू झालेले कृषिवानिकीचे राष्ट्रीय केंद्र आता केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था म्हणून काम करते. या संस्थेने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर 2011-12 पासून जिल्ह्यातल्या परासई-सिंध पाणलोटात जुन्या हवेल्या पुन्हा उभ्या केल्या. इथली हवेली म्हणजे वाडा नव्हे. उताराच्या वरच्या शेताला बांध घालून पावसाळाभर पाणी तुंबवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे, आणि ऑक्टोबरात सोडून त्याच ओलीवर रब्बी पेरायची, ही बुंदेलखंडाची जुनी पद्धत.

पाणी आणि बियांची पेढी यांचा संबंध सरळ आहे. मातीतल्या बहुतेक बिया वरच्या पाच सेंटीमीटरमध्ये असतात. बुंदेली शेतकरी आपल्या जमिनीचे राकड, पडवा, काबर आणि मार असे चार प्रकार सांगतो. पहिल्या दोन तांबड्या, पुढच्या दोन काळ्या. टेकड्यांवर असते ती राकड: पातळ, खडेदार, पाणी न धरणारी. उघड्या राकडीवर एक जोरदार पाऊस झाला की वरची माती ओढ्याला लागते आणि तिच्याबरोबर वर्षानुवर्षांचे बीही जाते. उताराचे पाणी अडवले तर बी जागेवर राहते, आणि पावसाने पंधरा दिवसांची उघडीप दिली तरी कोवळ्या रोपाच्या मुळाला ओल मिळते. पावसाळ्यातली ही उघडीपच राकडीवरच्या रोपांची खरी वैरीण.

म्हणूनच वृक्षारोपणाच्या नावाने टेकडीवर जेसीबी फिरवताना पाहिले की जीव तुटतो. यंत्र वरची माती खाली घालते आणि खालचा मुरूम वर आणते. बियांचा थर गाडला जातो, खुंट उपटले जातात, आणि त्या जागी पिशवीतले रोप उभे राहते, ज्याचे मूळ अजून वीतभरही गेलेले नसते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बॉक्साइट खाणींत वरची माती आधी वेगळी काढतात आणि शक्य तेव्हा लगेच खणून झालेल्या जागेवर पसरतात, कारण जंगलाचे कितीतरी बी त्या मातीतच असते. झाशी आणि महोब्याच्या दगडखाणींना हे शिकण्यासारखे आहे.

पेढीत शत्रूंचेही खाते असते, हे विसरून चालत नाही. गाजरगवत 1950 च्या दशकात पहिल्यांदा ठळकपणे नोंदले गेले ते पुण्यात. एकेक झाड हजारो बिया टाकते आणि त्या मातीत वर्षानुवर्षे टिकतात. विलायती बाभळीच्या गोड शेंगा गुरे आणि नीलगाई खातात आणि कडक बिया शेणातून पेरत जातात. मोकळ्या जमिनीवर घाणेरीही अशीच पसरते, तिचे बी बुलबुल आणतात. टेकडी राखली की हीही उठणार, आणि पहिली काही वर्षे ती फुलण्याआधी उपटत राहण्याला पर्याय नाही.

वनखात्याच्या भाषेत राखणे, छाटणे, तण काढणे आणि गरजेपुरतेच लावणे या सगळ्याला सहाय्यित नैसर्गिक पुनरुत्पादन म्हणतात. माझे आग्रहाचे म्हणणे एवढेच, की कोणत्याही टेकडीवर खड्डा खणण्याआधी तिला दोन पावसाळे चराईतून मोकळे ठेवावे आणि काय उठते ते मोजावे. प्रत्येक खुंटावर दोन-तीन सरळ कोंब राखावेत. बोर, बेल, टेंभुर्णी आणायचे काम कोल्हे करतात, पिंपळ-उंबर पक्षी आणतात, त्यांना बसायला एखादे मोठे झाड तेवढे उभे ठेवावे. करधईचे खुंट सापडतील तिथे ते जपणे हाच तिचा एकमेव सोपा मार्ग आहे, कारण तिच्या बियांवर भिस्त ठेवता येत नाही. जे मुळांतही नाही आणि बियांतही नाही, तेच माणसाने लावायचे. मोह आणि चारोळी बहुतेक ठिकाणी याच यादीत येतात. मोहाच्या बिया लोक तेलासाठी वेचून नेतात, आणि फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्यात रोपेही जातात. त्यामुळे जुना मोह उभा असला तरी त्याच्या खाली पुढची पिढी नसते. त्याच्यासाठी रोपवाटिकेची वाट पाहायची गरज नाही. पावसाच्या तोंडावर पडलेल्या ताज्या बिया त्याच पंधरवड्यात, काटेरी झुडपाच्या आडोशाला, दोन बोटे खोल टोचाव्यात.